एका भागाची चूक

खंडेनवमीच्या सकाळी पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतली यंत्रांची पूजा आटोपली आणि आरतीचे तबक खाली ठेवले गेले, तेव्हा नीलकंठ जंगम पाच झाले होते.

विभावरी शेटेने ते मोजून पाहिले. डावीकडून पाच, उजवीकडूनही पाच. बारा नंबरच्या बाकापाशी, म्हणजे जिथे ती आणि नीलकंठ दोन वर्षे जोडीने प्रयोग करत आले होते त्या बाकापाशी, ते ओळीने उभे होते. पाचांच्याही अंगात खिसा उसवलेला तोच शर्ट, पाचांच्याही गळ्यात इष्टलिंगाचा तोच चांदीचा करंडा, आणि पाचांच्याही डाव्या हातात प्रसादाचा खोबऱ्याचा तुकडा. विभावरी वर्गात पहिली येत असे, आणि एकदाच घेतलेल्या रीडिंगवर तिचा विश्वास नसे. तिने तिसऱ्यांदा मोजले. पाचच.

"मामा, जंगम पाच आहेत," ती म्हणाली.

प्रयोगशाळेचे शिपाई धोंडीराममामा हळदकुंकवाच्या वाट्या गोळा करत होते. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "आहेत खरं. आणि बाक अकराच राहिलेत, पोरी. सकाळी मी बारा पुसले होते."

तेही खरे होते. दारालगतचा एक नंबरचा बाक नाहीसा झाला होता आणि दाराची भिंत तेवढी पुढे सरकली होती. विभावरीने फरशा मोजल्या. भिंत बरोबर तीन फरशा आत आली होती.

"शेटे, नीट ऐक," पाचही जण म्हणाले. ओठ पाचांचेही हलले. त्यांतला एक जण नाइलाजाने हलवत असावा. "आमच्यातले चौघे देव आहेत. दोघे इकडचे, इंद्र आणि वरुण. दोघे तिकडचे, ग्रीसचे, झ्यूस आणि हर्मीस. आणि पाचवा मी."

"मी म्हणजे कोण?"

"मी म्हणजे मीच की," पाचही म्हणाले, आणि पाचांनीही नीलकंठसारखेच नाक खाजवले.

प्रकरण जुने होते. विदर्भाच्या एका राजकन्येने स्वयंवरात ज्या राजाला मनाने वरले होते, त्याचे रूप घेऊन देव त्याच्याच शेजारी ओळीने उभे राहिले होते, आणि खऱ्याला ओळखून माळ घालणे तिच्यावर आले होते. ही कथा विभावरीने शाळेत ऐकली होती. देव त्या वेळी हरले, कारण त्यांना घाम येत नव्हता, पापण्या लवत नव्हत्या, सावली पडत नव्हती आणि पाय जमिनीला टेकत नव्हते. ही हार इकडच्यांच्या जिव्हारी लागून राहिली होती. म्हणून या खेपेस त्यांनी तिकडचे दोघे जाणकार बोलावले होते. झ्यूसने पूर्वी हंस, बैल आणि सोन्याचा पाऊस अशी रूपे यशस्वीपणे घेतलेली होती. हर्मीस तर चोरांचाच देव.

"पण मीच का?" विभावरीने विचारले.

"बाकीच्यांची मनं आम्हाला पाठ आहेत. लोक मनातलं प्रार्थनेत सांगतात. जे बोललं जातं ते आम्हाला कळतं, जे लिहिलं जातं तेही कळतं. तू कधी प्रार्थना केलीच नाहीस. तुझ्या मनात काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही. असं माणूस देवांना फार आवडतं."

"आणि मी चुकले तर?"

उत्तर फळ्याने दिले. काळ्या फळ्यावर खडूचे दहा ठिपके उमटले होते. पहिल्या दोन ठिपक्यांना जोडणारी रेघ आपोआप ओढली जात होती.

"चुकलीस तर ज्याला माळ घालशील त्या देवाबरोबर जायचं. खऱ्याला तिकडच्यांच्या रिवाजाप्रमाणे नक्षत्र करून आकाशात टांगायचं. रोहिणीच्या खाली जागा रिकामी करून ठेवली आहे. बाक संपेपर्यंत मुदत. आधी तुझी फेरी."

'आधी' हा शब्द विभावरीला खटकला. पण दोन नंबरचा बाकही तेवढ्यात गेला, म्हणून तिने तो विचार बाजूला ठेवला.

तिने पद्धतशीर सुरुवात केली. घड्याळ लावून पापण्या मोजल्या: पाचांच्याही मिनिटाला सतरा वेळा लवत होत्या. काखेत घामाचे डाग होते आणि एकाच आकाराचे होते. सावल्या पडल्या होत्या. चपलांवर कऱ्हाडच्या वाटेवरची तीच तांबूस धूळ होती. तिने जर्नलचा कागद फाडून एकेकाच्या टाचेखाली सरकवून पाहिला; कुठेच सरकला नाही. झेंडूच्या पाच पाकळ्या पाच तळहातांवर ठेवल्या. पाचही सारख्याच मलूल झाल्या. देवांनी मागच्या चुका मन लावून दुरुस्त केल्या होत्या. निकालांच्या रकान्यात ती 'फरक नाही' लिहीत गेली, आणि तिकडे एकामागून एक बाक नाहीसे होत गेले.

"जुलैत बस चुकली तेव्हा तू मला काय म्हणालास?" तिने विचारले.

"पुढची बस याच्याहून रिकामी असते, शेटे. पदार्थविज्ञानाचा नियम आहे," पाचही जण म्हणाले, आणि 'नियम'वर पाचांचीही जीभ किंचित अडखळली.

"कोणत्या नियमात बसतं ते?"

"तू शोध, तू हुशार आहेस."

हुबेहूब तसेच झाले होते. पण ते बोलले गेलेले होते, म्हणजे कामाचे नव्हते.

आता पाच बाक उरले होते. कपाट, फळा आणि धोंडीराममामा एकमेकांच्या बरेच जवळ आले होते. फळ्यावरच्या ठिपक्यांतून एका टेबलावर ओणव्या झालेल्या मुलाची आकृती निम्मी दिसू लागली होती. विभावरी बाकाला टेकून उभी राहिली आणि जे कधी बोलले गेले नाही, लिहिले गेले नाही आणि कोणत्याही देवापुढे मागितले गेले नाही, असे आपल्याजवळ काय आहे याचा तिने शोध घेतला.

असे एकच काही निघाले.

पहिल्या वर्षाच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला नीलकंठने व्हर्नियर कॅलिपरने एका पोलादी गोळीचा व्यास मोजला होता. जोडीतल्या एकाने रीडिंग घ्यायचे आणि दुसऱ्याने ते जर्नलमध्ये उतरवायचे अशी तिथली पद्धत. नीलकंठ डावा डोळा मिटून, मान उजवीकडे कलती करून पट्टीवर वाकला आणि मोठ्या आनंदाने त्याने आकडा सांगितला. विभावरीने सवयीने पडताळून पाहिले. त्याचे रीडिंग एका भागाने जास्त होते. म्हणजे एक शतांश सेंटिमीटर. तो त्या कोनातून पाहत होता, म्हणून त्याला जुळलेल्या रेघेच्या पुढची रेघ जुळलेली दिसत होती. हे त्याला सांगावे असे तिने ठरवले. मग पुढच्या तासाला सांगू असे ठरवले. दोन वर्षे तो दर गुरुवारी एक भाग जास्त सांगत आला आणि ती मनातल्या मनात एक भाग वजा करून लिहीत आली. दोघांची जर्नले त्यामुळे निर्दोष होती. एखाद्याची चूक आठवड्यामागून आठवडे, त्याला न कळता, चेहऱ्यावर काही न दाखवता वजा करत राहणे, या क्रियेला काहीतरी नाव असते याची विभावरीला कल्पना होती. ते नाव तिने अजून कुठेही लिहिले नव्हते.

"मामा, एक कॅलिपर द्या," ती म्हणाली.

धोंडीराममामांनी हातातली वाटी छातीशी धरली. "आज? खंडेनवमीला? पूजेला लावलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, पोरी. माझी सव्वीस वर्षं झाली इथे. एक वजनसुद्धा हलवू दिलं नाही मी."

पाचही नीलकंठ किंचित हसले. हाच दिवस त्यांनी का निवडला ते आता स्पष्ट झाले. टेबलावर सगळी यंत्रे कुंकवाची बोटे लावून, फुले वाहून मांडलेली होती आणि आज त्यांतल्या एकालाही काही मोजता येणार नव्हते. विभावरीचा पूजेवर विश्वास नव्हता. पण मामांचा होता, आणि मामांच्या सव्वीस वर्षांवर तिचा होता.

"पूजा न झालेलं एकही नाही का?"

मामांनी विचार केला. तेवढ्यात आठ नंबरचा... नव्हे, आता बाकांना नंबर देण्यात अर्थ नव्हता. आणखी एक बाक गेला. "डेडस्टॉकात एक आहे," ते हळूच म्हणाले. "नंबर पुसला गेला म्हणून रद्द केलेलं. बाकी ठणठणीत आहे. रद्द मालाला कुंकू कोण लावतंय?"

कपाटाची किल्ली त्यांनी जानव्याला बांधावी तशी करगोट्याला बांधली होती. कपाट उघडले, कॅलिपर बाहेर आले, पोलादी गोळीही एक मिळाली. पाचही चेहऱ्यांवरचे हसू एकाच क्षणी मावळले. त्यांतल्या एकाचे केवळ इतरांना पाहून मावळले असणार, पण कोणाचे ते सांगता येत नव्हते.

"काय करायचंय?" पाचही म्हणाले.

"प्रॅक्टिकल," विभावरी म्हणाली. "व्यास मोजायचा. एकेकाने यायचं, रीडिंग चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी घडी करून मुठीत धरायची. बोलायचं नाही, शेजारी बघायचं नाही."

"परीक्षा आहे का?"

"तुम्हीच काढलेली."

ते एकेक करून वाकले. पाचांनीही डावा डोळा मिटला, पाचांनीही मान उजवीकडे कलती केली. ते देवांनी अचूक टिपले होते. विभावरी पाठ करून उभी राहिली. कॅलिपरचे जबडे पाच वेळा उघडले आणि मिटले. तिच्यासमोर फळ्यावर आठवा ठिपका नवव्याला जोडला गेला. फळ्यावरच्या मुलाला आता मान फुटली होती, आणि ती उजवीकडे कललेली होती.

तिने चिठ्ठ्या उघडल्या. पहिल्यावर १.८७. दुसरीवर १.८७. तिसरीवर १.८८.

तिचा श्वास मोकळा झाला. चौथीवर १.८७. पाचवीवर १.८८.

विभावरीने पाचवी चिठ्ठी पुन्हा वाचली, आणि मग आणखी एकदा.

"पहिला, दुसरा, चौथा," ती म्हणाली. "तुमची रीडिंग बरोबर आहेत. तुम्ही जा."

"बरोबर आहेत तर जा का?" पहिला म्हणाला. आता तो एकटाच बोलत होता. त्याच्या अंगावर, कॉलरपासून मनगटापर्यंत, एकेक करून डोळे उघडू लागले, हजार असावेत. तो इंद्र होता, आणि हजार डोळ्यांनी पाहणाऱ्याला चुकीचे वाचता येत नाही. "जर्नल आम्ही शब्दन् शब्द वाचलं होतं. त्यातलं प्रत्येक रीडिंग बरोबर आहे! बोललेला आकडा वेगळा होता, पण आम्ही लिहिलेलाच खरा धरला."

"हो. ती मी लिहिली आहेत."

दुसरा केसांपासून ओला होत गेला, आणि त्याच्या चपलांतून पाणी वाहून मोरीकडे गेले. चौथ्याने बाही झटकली, तर तिच्यातून पांढरी पिसे गळाली. "बैल झालो होतो तेव्हा कुणी मोजायला बसलं नव्हतं," तो कुरकुरला. तिघे खिडकीतून निघून गेले. धोंडीराममामांनी फडके घेऊन फरशी पुसली.

दोन बाक उरले. तिसरा आणि पाचवा समोरासमोर उभे होते. एक खरा होता आणि एक हर्मीस, ज्याने पाठीमागून, बगलेतून किंवा कुठून तरी चिठ्ठी पाहून आपली मुठीतल्या मुठीत बदलली होती. चोरांच्या देवाला शेजारी बघू नकोस म्हणून सांगणे ही पद्धतीतली चूक होती, आणि ती विभावरीची होती. आता दुसरी गोळी दिली तरी उपयोग नव्हता. एक भाग वाढवून सांगायचा हे त्याला कळून चुकले होते. ज्या एका गोष्टीने ती जिंकणार होती ती गोष्ट आता दोघांजवळ होती.

उरलेल्यांतला दूरचा बाक गेला. भिंत तिच्या पाठीला लागली. फळ्यावर शेवटची रेघ शेवटच्या ठिपक्याकडे निघाली, सावकाश, कारण तिला घाई नव्हती.

चोराला आपण काय चोरले ते ठाऊक असते. मालकाला आपल्याजवळ काय होते ते पुष्कळदा ठाऊक नसते. विभावरीने दोन्ही चिठ्ठ्या बाकावर शेजारी शेजारी ठेवल्या.

"दोघांचंही रीडिंग चुकलंय," ती म्हणाली. "एका भागाने जास्त आहे."

"माहीत आहे," तिसरा मृदूपणे म्हणाला, आणि तो नीलकंठइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, गोड हसला. "माझं नेहमीच चुकतं, शेटे. तू सांभाळून घेतेस."

पाचव्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "चुकलंय? शक्यच नाही! आण इकडे ते." त्याने कॅलिपर ओढून घेतले, डावा डोळा मिटला, मान कलती केली, गोळी फिरवून पुन्हा पाहिली. "एक पॉइंट अठ्ठ्याऐंशी. हे बघ ना! स्वच्छ जुळतेय रेघ. दोन वर्षांत माझं एक रीडिंग चुकलेलं दाखव. एक! जर्नल काढ."

विभावरीने जर्नल काढले नाही. तिने मामांकडे हात केला. डेडस्टॉकच्या कपाटाला घालायचा राहून गेलेला झेंडूचा एक हार मामांच्या पिशवीत होता. तो तिने पाचव्याच्या गळ्यात घातला. तो अजून कॅलिपरवर वाकलेलाच होता, त्यामुळे हार आधी त्याच्या कानाला अडकला.

फळ्यावरची रेघ शेवटच्या ठिपक्यापासून बोटभर अंतरावर थांबली. मग ठिपके एकेक करून खाली गळाले आणि खडूची भुकटी झाले.

तिसऱ्याच्या चपलांच्या टाचांवर दोन लहान पंख फडफडले. "चोरी नीट झाली होती," तो म्हणाला. त्याच्या स्वरात राग नव्हता. एका कारागिराने दुसऱ्याला सांगावे तसे तो सांगत होता. "मालच तसा निघाला." त्याने वाकून नमस्कार केला, जमिनीपासून वीतभर वर उचलला गेला आणि खिडकीतून गेला. जाताना मामांचा चष्मा घेऊन गेला.

विभावरी हसली. ती अशी हसली की पूजेतल्या तराजूंची पारडी हलली, आणि ती मामांनीही हलू दिली. इंद्र, वरुण, झ्यूस आणि हर्मीस यांना तिने एका रद्द कॅलिपरने, एका सकाळीत, नियम न मोडता हरवले होते. बाहेर आवारात आपटा सळसळत होता, आणि गळ्यात हार घेतलेला, नाकाला झेंडूचा पराग लागलेला नीलकंठ जंगम एकच होता. तिने मोजून पाहिले. डावीकडून एक, उजवीकडूनही एक.

"पण चुकलंय म्हणजे काय?" तो म्हणाला. जिंकण्यापेक्षा त्याला तेच लागून राहिले होते.

"दोन वर्षं तू एक भाग जास्त वाचतोयस. मी वजा करून लिहिते."

नीलकंठने कॅलिपर खाली ठेवले. मग त्याने तिच्याकडे पाहिले. या वेळी दोन्ही डोळ्यांनी.

"सांगायचंस ना."

"सांगितलं असतं तर तू सुधारला असतास."

"हां." त्याने हाराची एक पाकळी तोडली. "मग माझंही ऐक. मीही तुझं काहीतरी दुरुस्त करत आलोय. पहिल्या दिवसापासून."

"माझं?" विभावरी म्हणाली. "माझं काय चुकतं?"

"तुझं ना..."

भिंत मागे सरकली. एकामागून एक बाक परत आले. बाराही आले, आणि प्रयोगशाळा होती तेवढी लांब झाली. तिच्या दुसऱ्या टोकाला दार उघडले आणि चौघी जणी आत आल्या. चौघींच्याही काखेत तपकिरी जर्नल होते, चौघींचीही वेणी उजव्या खांद्यावरून पुढे आलेली होती, आणि चौघींनीही आत येताच सवयीने बाक मोजले. त्या विभावरीच्या दोन्ही बाजूंना येऊन उभ्या राहिल्या. काळ्या फळ्यावर खडूचे दहा ठिपके नव्याने उमटले.

"दोघी इकडच्या, दोघी तिकडच्या," पाचही विभावरी म्हणाल्या. त्यांतल्या खरीचे ओठ तिच्या इच्छेविरुद्ध हलत होते. "आता तुझी फेरी."

नीलकंठने तोंड मिटून घेतले. अर्धे वाक्य त्याच्या ओठांआड राहिले. तो त्या पाच चेहऱ्यांकडे पाहून घाबरला नाही. उलट प्रॅक्टिकलच्या पहिल्या दिवशी दिसला होता तसा आनंदी दिसला.

"कुठे बोलला होतास का हे?" धोंडीराममामांनी डोळे बारीक करून विचारले. "रोज सकाळी पूजेला बसतोस तू, पोरा. तिथे?"

"नाही मामा. त्यात मागण्यासारखं काही नव्हतं."

त्याने गळ्यातला हार काढून बाकावर ठेवला, पाच चिठ्ठ्या फाडल्या आणि पोलादी गोळी पुढे सरकवली. आपली पाळी आली तेव्हा विभावरीने कॅलिपर हातात घेतले. आपण कुठे चुकतो ते तिला ठाऊक नव्हते. ठाऊक करून घेण्याची ही वेळही नव्हती. समोर फळ्यावर वहीत काहीतरी उतरवणाऱ्या एका मुलीचा हात पुरा होत आला होता. विभावरीने गोळी जबड्यांत धरली, रेघ जुळवली, आणि आपले रीडिंग चुकावे असे आयुष्यात पहिल्यांदा मनापासून वाटत असताना, नेहमीच्याच काळजीने पट्टीवर वाकली.